हॅस्केलला ‘ढिलं’ करणारी लायब्ररी: थट्टा आहे, पण आत डोकावून पाहाच

पिंपळपान

हॅकेज हे हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्रऱ्यांचं (तयार कोडच्या पॅकेजांचं) सार्वजनिक कोठार. तिथे ज्या पॅकेजचं नाव ‘अ‍ॅक्मे’ने सुरू होतं ते गमतीसाठी लिहिलेलं, असा जुना रिवाज आहे. रिवाज मूळचा पर्ल या भाषेवाल्यांचा. डेमियन कॉनवे यांचं अ‍ॅक्मे-ब्लीच तुमचा अख्खा प्रोग्राम पुसून त्या जागी नुसत्या मोकळ्या जागा ठेवतं, आणि तरी प्रोग्राम चालतो! हॅस्केलमध्ये अ‍ॅक्मे-मिसाइल्स आहे, त्यात क्षेपणास्त्रं सोडणारं फंक्शन आहे. साइड इफेक्ट (फंक्शनने उत्तर देण्यापलीकडे बाहेर केलेली उलाढाल) म्हणजे काय हे सांगताना हॅस्केल घडवणाऱ्यांपैकी एक, सायमन पेटन जोन्स यांनी वापरलेलं हे उदाहरण, कोणीतरी खरंच पॅकेज करून ठेवलं.

या कुटुंबातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे अ‍ॅक्मे-पीएचपी. त्याच्या वर्णनाचा आशय असा: हॅस्केलची लवचिकता आणि पीएचपीची सुरक्षितता, दोन्ही एकत्र. ज्यांनी दोन्ही भाषांत काम केलंय त्यांना हसू का येतं ते सांगायला नको. इतरांसाठी: पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा. हॅस्केलची ख्याती सुरक्षिततेची (चुका आधीच पकडण्याची) आणि पीएचपीची लवचिकतेची. इथे दोघांच्या अंगात एकमेकांचे कपडे घातलेत.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. माझं ठाम मत आहे की टाइपक्लास म्हणजे काय हे समजून घ्यायला अशी थट्टेची लायब्ररी स्वतः लिहून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. (टाइप म्हणजे आकडा, मजकूर असा मूल्याचा प्रकार; टाइपक्लास म्हणजे बेरजेसारख्या ठरावीक क्रिया ज्यांना येतात अशा टाइपांचा गट.) पुस्तकातली मोनॉइड या टाइपक्लासची उदाहरणं वाचताना मान डोलते, पण डोक्यात काही बसत नाही. इथे बसतं. कसं ते सांगतो. (कोड देवनागरीतच लिहितोय, आकड्यांसकट. चालवताना आपापल्या कीबोर्डवर नेहमीसारखा टाका.)

जावास्क्रिप्टमध्ये "५" - २ केलं की ३ मिळतात आणि "५" + २ केलं की "५२". हॅस्केलमध्ये "५" + २ लिहिलंत तर कंपाइलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगं करणारा प्रोग्राम, थांबवतो. (अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे स्ट्रिंग.) आता तो नेमकं काय म्हणून थांबवतो ते वाचा. ‘स्ट्रिंगमध्ये आकडा मिळवता येत नाही’ असं तो म्हणतच नाही. तो म्हणतो, स्ट्रिंगसाठी ‘नम’चा (आकड्यांच्या टाइपक्लासचा) इन्स्टन्स, म्हणजे त्या क्लासच्या क्रिया या टाइपने कशा करायच्या ते सांगणारा कोड, मला सापडला नाही. म्हणजे सापडला असता तर त्याची काही हरकत नव्हती!

कारण हॅस्केलमध्ये नुसता २ हा इंट (पूर्णांकाचा टाइप) नसतो. कोडमध्ये २ लिहिलं की कंपाइलर ते ‘फ्रॉमइंटिजर २’ असं वाचतो, आणि तिथे कोणता टाइप हवाय ते आजूबाजूला बघून ठरवतो. म्हणून तोच २ इंट होतो, डबल (दशांश आकडा) होतो, अपूर्णांक होतो. ‘नम’ या क्लासचा सभासद असलेला कोणताही टाइप चालतो. मग स्ट्रिंगलाच सभासद करून टाकायचं. फ्रॉमइंटिजर म्हणजे शो, अर्थात आकड्याचा मजकूर. अधिक म्हणजे दोन्ही स्ट्रिंग वाचून आकडे करा, बेरीज करा, पुन्हा मजकूर करा. गुणाकार, वजाबाकी, अ‍ॅब्स, सिग्नम तसंच. जेमतेम सहा-सात ओळी. आता "५" + २ चं उत्तर येतं "७". आणि (१२३४५ :: स्ट्रिंग) ची लांबी विचारलीत तर ५.

कंपाइलरला कुठेही फसवलेलं नाही. ‘अनसेफकोअर्स’सारखं टाइपची तपासणी डावलणारं काही वापरलेलं नाही. टाइप सगळीकडे जुळलेलेच आहेत. हॅस्केलची ढिलाई आणि हॅस्केलची कडक शिस्त एकाच यंत्रणेतून येते, आणि ही यंत्रणा कुठे ताणली जाते आणि कुठे नाही हे बघण्यात खरी मौज आहे.

कारण पुढची पायरी लगेच अडते. क्ष नावाचं इंट व्हेरिएबल घ्या आणि "५" + क्ष करून पाहा. चालत नाही. २ हे अजून कोणीच नव्हतं म्हणून ते स्ट्रिंग होऊ शकलं. क्ष इंट म्हणून ठरून गेलेला आहे. अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकच टाइप हवा हा नियम आपण मोडलेला नाही, मोडता येतही नाही. तो मोडायचा तर प्रेल्यूडमधलं (हॅस्केलबरोबर आपोआप येणाऱ्या मूळ लायब्ररीतलं) अधिक लपवून स्वतःचं अधिक लिहावं लागतं, ज्याचा क्लास डावा, उजवा आणि उत्तर असे तीन टाइप घेतो. ते केलं की नवं दुखणं: नुसत्या आकड्यांचा टाइप कोणता हेच कंपाइलरला ठरवता येईना, जागोजागी संदिग्धतेच्या एरर.

तुमचे अनुभव लिहा. आपल्या रोजच्या भाषेत असं काही कोणी करून पाहिलंय का?

---

घाटमाथा

लेख आवडला, पण पीएचपीवाला म्हणून बोलल्यावाचून राहवत नाही. ढिल्या तुलनेची गंमत लॉगिनच्या पानावर आली की गंमत राहत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर. एमडी-५ हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, सोळाच्या पायातले बत्तीस अंक. जुन्या लॉगिनमध्ये पासवर्डचा असा ठसा ताडून पाहत. काही मजकुरांचा हॅश असा निघतो की सुरुवातीला शून्य, मग ई, आणि पुढे सगळे फक्त दशमान अंक. "२४०६१०७०८" या मजकुराचा तसा आहे. "क्यूएनकेसीडीझेडओ" ही अक्षरं रोमनमध्ये लिहिलीत तर त्यांचाही तसाच आहे. हे दोन हॅश पूर्ण वेगळे. पण पीएचपीत त्यांची == ने तुलना केलीत तर उत्तर ‘समान’ येतं! कारण दोन्ही मजकूर आकड्यासारखे दिसतात (ई म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’), म्हणून पीएचपी दोघांना आकडे समजतं, आणि शून्य गुणिले दहाचा कितवाही घात म्हणजे शून्यच. शून्य बरोबर शून्य, या आत.

नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८ आलं, तेव्हा तुलनेचे नियम सुधारले. त्याआधी "एबीसी" == ० हे खरं यायचं, ते आता खोटं येतं. पण वरचा हॅशचा प्रकार अजून आहे तसाच आहे, कारण तिथे दोन्ही बाजू ‘आकडेवजा मजकूर’ आहेत. जुनं कोड सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: तुलना === ने करा (ते रूपांतर न करता ताडून बघतं), आणि पासवर्डसाठी पासवर्ड-व्हेरिफाय फंक्शनच वापरा.

---

पिंपळपान

घाटमाथा, हे फार मोलाचं लिहिलंत. माझ्या मुद्द्याला ते धरूनच आहे. पीएचपीत हा निर्णय भाषेने तुमच्या वतीने घेतलेला असतो. हॅस्केलमध्ये तोच इन्स्टन्स लिहिताना तो निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. मजकूर आकडा म्हणून वाचताच आला नाही तर काय? ‘रीड’ वापरलंत तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. ‘रीडमेबी’ वापरलंत तर ‘नथिंग’ हातात येतं, आणि त्याचं काय करायचं ते लिहावंच लागतं. शून्य धरायचं का? पर्ल शून्य धरतं, वॉर्निंग चालू असतील तर कुरकुर करून. जावास्क्रिप्ट नॅन (‘आकडा नाही’ असं मूल्य) देतं, आणि मग तो नॅन पुढच्या प्रत्येक बेरजेत पसरत जातो. ते एक ‘०’ टाइप करताना मला पहिल्यांदा नीट उमगलं की इथे शून्य लिहिणं म्हणजे माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे म्हणून सांगणं.

---

मुग्धा_सातारकर

मी प्रोग्रामर नाही, जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेटा बघते. तरी लिहिते, कारण आमच्या क्षेत्राने या ढिलाईची किंमत मोजली आहे.

काही जनुकांची नावं ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशी होती. एक्सेलमध्ये ती टाकली की एक्सेल त्यांची तारीख करून मोकळं. विचारत नाही, सांगत नाही. फाइल सेव्ह केली की मूळ नाव गेलं ते गेलंच, कारण आत आता दिवसांचा आकडा साठवलेला असतो. २०१६ साली ‘जिनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. मार्च-१ चं मार्चएफ-१ झालं, सेप्ट-१ चं सेप्टिन-१.

सॉफ्टवेअरच्या अंदाजबाजीपायी विज्ञानाला आपली नावं बदलावी लागली. मला हे अजून पटत नाही. एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय आता आली आहे, पण जुन्या फाइलींमधल्या तारखा कोण निस्तरणार?

---

शंकासुर

भाबडा प्रश्न विचारतो, सांभाळून घ्या. पिंपळपान म्हणाले आकडे नेहमीच्या कीबोर्डवर टाका. मी मुद्दाम ते देवनागरीतच टाकून पाहिले, "५" असे, अवतरणचिन्हांत. पायथनमध्ये इंट("५") ने सरळ ५ दिले! जावास्क्रिप्टमध्ये "५" * २ केलं तर नॅन. हे उलटं नाही का? पायथन कडक आणि जावास्क्रिप्ट ढिली ना?

---

पिंपळपान

शंकासुर, प्रश्न अजिबात भाबडा नाही, आणि प्रयोग फार सुंदर केलात.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, मजकुराचा आकडा करायचा का आणि कोणी सांगितल्यावर. दुसरी, आकडा म्हणून कोणती चिन्हं ओळखायची. पायथन पहिल्या बाबतीत कडक आहे: "५" + २ म्हणालात तर टाइपएरर, मग अंक कोणत्याही लिपीतला असो. पण तुम्ही स्वतः इंट म्हणून रूपांतर मागितलंत की युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत) जे जे दशमान अंक म्हणून नोंदलेलं आहे ते सगळं तो घेतो. देवनागरी, बंगाली, अरबी, सगळे. जावास्क्रिप्ट न मागता रूपांतर करतं, पण ओळखतं फक्त रोमन लिपीबरोबर येणारे दहा अंक.

हॅस्केल इथे दोन्हीकडून कडक. अंक आहे का ते तपासणारं ‘इझडिजिट’ देवनागरी अंकाला नाही म्हणतं आणि ‘रीडमेबी’ नथिंग देतं. म्हणजे माझ्या त्या लायब्ररीत कोणी शून्याचा पर्याय निवडला असेल, तर मराठी माणसाने "५" टाकून २ मिळवले की उत्तर "२" येईल! आपले पाच बिनबोभाट गडप. हा दोष दुरुस्त करणं अवघड नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक दशमानात २४०६ आणि नऊचा २४१५. अक्षराचा क्रमांक या पट्ट्यात असेल तर त्यातून २४०६ वजा करायचे, हाती अंकाची किंमत येते. मराठीतून फॉर्म भरून घेणारं काहीही लिहीत असाल तर हे आठवणीने करा. लोक मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डवरून मराठी आकडे टाकतात, आणि टाकायलाच हवेत.

---

खेकडा_०७

रस्ट या भाषेवाल्यांकडून नोंद. आमच्याकडे ही थट्टा या रूपात जमतच नाही. ५ + "२" लिहिलं की कंपाइलर नाही म्हणतो, इथपर्यंत तुमच्यासारखंच. पण ‘मग मी आय-३२ (पूर्णांकाचा टाइप) साठी स्ट्रिंगची बेरीज लिहितो’ म्हणालात तर पुन्हा नाही. नियम असा की ट्रेट (तुमच्या टाइपक्लाससारखं) आणि त्यातले टाइप यांतलं निदान काहीतरी तुमच्या स्वतःच्या क्रेटमधलं (पॅकेजमधलं) हवं. बेरीज स्टँडर्ड लायब्ररीची, आय-३२ भाषेचा, स्ट्रिंगही भाषेची. तुमचं काहीच नाही, म्हणून परवानगी नाही. स्वतःचा वेष्टणाचा टाइप केलात तर त्यात हवा तेवढा धिंगाणा घाला.

हॅस्केलमध्ये असा अडसर नाही का?

---

अण्णा_कोल्हापूर

खेकडा, नेमका हाच माझा आक्षेप आहे. हॅस्केलमध्ये अडसर नाही, फक्त वॉर्निंग आहे. अशा इन्स्टन्सला ‘अनाथ’ म्हणतात, म्हणजे क्लासही दुसऱ्याचा आणि टाइपही दुसऱ्याचा. आणि इन्स्टन्स लपवता येत नाही. मॉड्यूल इम्पोर्ट करताना, म्हणजे दुसऱ्याचा कोड आपल्यात आणताना, कंसात काहीही मागितलं नाही तरी त्यातले इन्स्टन्स आत येतातच. तुम्ही एका लायब्ररीवर अवलंबून, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि तिसरीत कोणीतरी हौसेने स्ट्रिंगला आकडा करून ठेवलाय. तुमच्या प्रोग्राममधली जी चूक काल कंपाइलर पकडत होता ती आजपासून पकडणार नाही. दोन लायब्रऱ्यांनी दोन वेगळे इन्स्टन्स लिहिले तर निदान वापरताना आरडाओरडा तरी होतो. एकीनेच लिहिला तर कळतही नाही.

म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगतो: गंमत घरी करा, कोठारात टाकू नका. पिंपळपान, राग मानू नका, पण लोकांच्या वापरातल्या जागी अशी पॅकेजेस असावीत हे मला पटलेलं नाही.

---

कार्तिकी_मॅडम

अण्णा, तुमच्या काळजीशी सहमत. पण वर्गात शिकवणारी म्हणून थोडं वेगळं सांगते.

टाइपक्लास शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक गणित घालते: २ (३ + ४) किती? सगळे चौदा म्हणतात, शाळेत तसंच शिकलेत. मग ते हॅस्केलमध्ये तसंच, गुणाकाराचं चिन्ह न घालता, टाकायला सांगते. एरर येते: फंक्शनसाठी ‘नम’चा इन्स्टन्स नाही. मुलं गोंधळतात, इथे फंक्शन आलं कुठून? तर हॅस्केलमध्ये कंसाआधी काही लिहिलं की ते फंक्शन आणि कंसातलं त्याचं इनपुट. म्हणजे कंपाइलर २ लाच फंक्शन समजू पाहतोय.

मग आम्ही तो इन्स्टन्स लिहितो. फंक्शनही आकडा! अधिक म्हणजे दोन्ही फंक्शनना तेच इनपुट द्या आणि उत्तरांची बेरीज करा. २ म्हणजे काहीही दिलं तरी २ परत करणारं फंक्शन. हे लिहिलं की (साइन * साइन + कोस * कोस) ३ असं थेट लिहिता येतं, आणि उत्तर १ येतं. कागदावरचं गणित जसंच्या तसं यंत्रात. मुलांचे चेहरे उजळतात. आणि ही नुसती थट्टाही नाही, कॉनल एलियट यांचं नमइन्स्टन्सेस नावाचं पॅकेज हॅकेजवर हेच करतं.

आता म्हणते, पुन्हा पहिलं गणित टाका. २ (३ + ४). एरर गेली. उत्तर येतं २.

चौदा नाही, सात नाही, दोन. कंसातलं सगळं इनपुट म्हणून घेऊन ‘काहीही दिलं तरी २’ या फंक्शनने फेकून दिलं. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती माझ्या दहा स्लाइड्सनी कधी आणली नसती. कंपाइलरची कुरकुर गेली ती चूक सुधारल्याने नाही, चुकीला अर्थ मिळाल्याने गेली, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

---

अण्णा_कोल्हापूर

मॅडम, हे उदाहरण मी उचलणार. परवानगी गृहीत धरतो.

---

कार्तिकी_मॅडम

अवश्य, अण्णा!

---

रानवारा

इथे एका खऱ्याखुऱ्या, कामाच्या ढिलाईचा उल्लेख राहतोय. जीएचसी या हॅस्केलच्या कंपाइलरमध्ये २०१२ सालच्या ७.६ आवृत्तीपासून टाइपच्या चुका पुढे ढकलायची सोय आहे. फ्लॅग (कंपाइलरला द्यायची सूचना) लावला की टाइपएररच्या वॉर्निंग होतात, प्रोग्राम तयार होतो, आणि चुकीच्या जागेपर्यंत पोहोचलात तरच तिथे पडतो. हॅस्केल आळशी, म्हणजे गरज पडेपर्यंत कशाचीच किंमत न काढणारं, असल्यामुळे ते पोहोचणं खूप उशिरा होतं. जोडीतला दुसरा भाग चुकीचा असला आणि तुम्ही फक्त पहिला मागितलात तर काहीच होत नाही.

मोठ्या कोडमध्ये एखादा मूळ टाइप बदलताना मी हे रोज वापरतो. चाळीस ठिकाणी तुटलेलं असतं, पण ज्या एका भागाची टेस्ट आत्ता चालवायची तो सगळं दुरुस्त होईपर्यंत अडून राहत नाही. काम झालं की फ्लॅग काढायचा. यात आणि अ‍ॅक्मे-पीएचपीत फरक असा की इथे चुकीला अर्थ दिला जात नाही, ती फक्त उधारीवर ठेवली जाते. वॉर्निंगच्या यादीत ती दिसत राहते.

---

घाटमाथा

रानवारा, हे माहीत नव्हतं, आभार. उलट दिशेचा प्रवासही बघा ना. पीएचपी ७ मध्ये, २०१५ साली, फाइलच्या माथ्यावर ‘स्ट्रिक्ट टाइप्स’ जाहीर करायची सोय आली. त्याच वर्षी पायथन ३.५ मध्ये टाइप हिंट्स (टाइप लिहून ठेवायची सोय) आल्या. मायक्रोसॉफ्टचं टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप असलेली जावास्क्रिप्ट, २०१२ चं. ढिल्या भाषा कडक व्हायला धडपडतायत. आणि फाइलगणिक, हळूहळू कडक होता येतं म्हणूनच आमच्यासारख्यांना ते जमतंय. अख्खं कोड एका रात्रीत बदला म्हटलं असतं तर कोणी हात लावला नसता.

---

शंकासुर

मला अजून एक विचारायचंय. अण्णा म्हणतात तशी गळती होऊ न देता पिंपळपान यांची लायब्ररी लिहिता येईल का? मला करून बघायचीय, पण कोणाचं कोड बिघडायला नको.

---

पिंपळपान

येईल की! खेकडा यांच्या रस्टने जे सक्तीने करायला लावलं तेच आपण हॅस्केलमध्ये आपणहून करायचं. न्यूटाइप वापरून स्ट्रिंगभोवती स्वतःचं वेष्टण तयार करा, समजा त्याचं नाव ‘सैल’. ‘नम’चा इन्स्टन्स स्ट्रिंगला देऊ नका, ‘सैल’ला द्या. आता टाइप तुमचा आहे, इन्स्टन्स अनाथ नाही, आणि ज्याने ‘सैल’ मागितलं नाही त्याच्या स्ट्रिंगला धक्का लागत नाही. "५" नुसतं लिहून ते ‘सैल’ व्हावं असं वाटत असेल तर ‘ओव्हरलोडेडस्ट्रिंग्स’ हे एक्स्टेन्शन (भाषेची जादा सोय) चालू करा आणि ‘इझस्ट्रिंग’चा इन्स्टन्सही द्या. आकड्याच्या बाबतीत फ्रॉमइंटिजर जे करतं तेच मजकुराच्या बाबतीत इथे फ्रॉमस्ट्रिंग करतं.

‘इफ’मध्ये रिकामी स्ट्रिंग खोटी आणि भरलेली खरी, असंही हवं असेल तर ‘रीबाइंडेबलसिंटॅक्स’ बघा. त्याने इफ-देन-एल्स हे तुम्ही लिहिलेल्या फंक्शनला जोडलं जातं. फक्त हे एक्स्टेन्शन लावलं की प्रेल्यूड आपोआप येत नाही, तो हाताने इम्पोर्ट करावा लागतो.

आणि अण्णांच्या आक्षेपाबद्दल: स्ट्रिंगला थेट इन्स्टन्स देणारी आवृत्ती मी कोठारात टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

---

शंकासुर

जमलं! "५" + २ चे "७" आले, आणि देवनागरी अंकांसाठी २४०६ वजा करायची ओळही घातली, तीही चालली. भागाकाराला अडलोय. "७" / २ केलं तर ‘फ्रॅक्शनल’चा (भागाकार येणाऱ्या टाइपांच्या क्लासचा) इन्स्टन्स मागतोय. उत्तर "३.५" द्यावं की "३"?

---

कार्तिकी_मॅडम

"३.५" द्या. पण मग बेरीजही अपूर्णांकावर चालायला हवी, नाहीतर "३.५" + १ करताना तुमचं वाचन इंटिजर शोधेल आणि नथिंग मिळेल. आतला टाइप इंटिजरऐवजी रॅशनल (अंश-छेदाचा अपूर्णांक) घ्या, आणि मजकूर करतानाच दशांश चिन्ह घाला. एक तृतीयांशाचं काय करायचं ते ठरवून इथे कळवा, मलाही वर्गात लागेल.